सासूबाईंच्या भुवया

चूक मी केली मंगळवारी दुपारी, आणि मला ती दिसली बुधवारी सकाळी, सासूबाई चहा गाळत होत्या तेव्हा. त्यांनी चष्मा घातला, गाळणं कपावर धरलं आणि साखर पडलीय का हे विचारायला मान वर केली. चष्म्याचा नाकावर बसणारा भाग चेहऱ्याच्या बरोब्बर मधोमध असतो. त्याच्या एका अंगाला डावी भुवई जवळजवळ चिकटली होती आणि दुसऱ्या अंगाला उजवी भुवई चांगली लांब राहिली होती. "पडलीय," असं मी म्हटलं खरं, पण त्या चहात साखर होती की नव्हती हे मला अजून माहीत नाही.

दिंडोशीला आमच्या वसाहतीत तळमजल्यावर माझं पार्लर आहे. एक खोली, दोन खुर्च्या, एक पलंग आणि पडदा. बारा वर्षं दोरा दातात धरून लोकांच्या भुवया कोरल्या. मग पवईच्या ऑफिसांतल्या मुली यायला लागल्या आणि विचारायला लागल्या, मायक्रोब्लेडिंग करता का. म्हणून अंधेरीला एका मॅडमकडे जाऊन मी ते शिकले. बारीक सुयांचं एक पातं असतं, त्याने कातडीवर केसासारख्या रेघा ओढायच्या आणि त्यात रंग बसवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण दोऱ्याने काढलेली भुवई बिघडली तर पंधरा दिवसांत केस येतात आणि गिऱ्हाईक शिव्या विसरतं. इथे बिघडली तर ती बाई वर्ष-दीड वर्ष तुमची चूक तोंडावर घेऊन फिरते. मला या कामाची पहिल्यापासून धास्ती आहे. धास्ती आहे म्हणूनच हात ताब्यात राहतो, असं मी स्वतःला समजावत आले होते.

मॅडमने आमच्याकडून रबरी कातडीवर दोन महिने नुसत्या रेघा मारून घेतल्या. पात्याला हात लावायच्या आधी मापं. माप घेताना बाईला सरळ बसवायचं, कारण आडवं झालं की गाल, कपाळ सगळं मागे ओघळतं. मध्य धरायचा तो नाकाच्या हाडावरून, रंगात बुडवलेला दोरा ताणून. चष्मा असेल तर एकदा चष्मा घालून बघायचं. आणि काम संपल्यावर पुन्हा बसवून फोटो काढायचा. हे मी इतक्या जणींच्या बाबतीत केलंय की झोपेतही करीन. फक्त सासूबाईंच्या बाबतीत केलं नाही.

सासूबाईंना मी 'आई' म्हणते. अकरा वर्षं एका घरात राहिलो. त्या मूळच्या कणकवलीकडच्या, सासरे गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली आणि तीन वर्षांपूर्वी गेले. सासूबाईंनी त्या दिवसापासून टिकली सोडली. कोणी सांगितलं नव्हतं. माझा नवरा म्हणालाही, आई, लाव गं, आता कोण बघतं. त्यांनी ऐकलं नाही. चाळीस वर्षं चिकटवलेल्या टिकलीच्या गोंदाने कपाळावर एक गोल पांढुरका डाग पडला होता, तो तेवढा राहिला. मग थायरॉइडने भुवया झडल्या. आतल्या टोकाला तर केस उरलेच नव्हते. एकदा आरशासमोर त्या म्हणाल्या, "टिकली गेली, भुवयो गेल्यो, आता हो चेहरो की बटाटो?" मी हसले आणि त्याच हसण्यात म्हणून गेले, मी करून देते ना आई.

तरी त्यांना तयार व्हायला चार महिने लागले. आधी म्हणाल्या, गोंदून घ्यायचं वय आहे का माझं. मग म्हणाल्या, दुखेल. मग एका मंगळवारी पार्लरला सुट्टी असताना स्वतःच खाली आल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या. मी काडीने बधिर करायचं क्रीम लावलं आणि अर्धा तास थांबले. तेवढ्यात त्यांना डोळा लागला.

आता खरं सांगायचं तर असं झालं. मी त्यांना उठवायला हवं होतं. बसवून, हनुवटी धरून, चेहरा समोर घेऊन माप घ्यायला हवं होतं. पण अकरा वर्षांत मी त्या बाईच्या चेहऱ्याला कधी हात लावला नव्हता. वाकून नमस्कार केला, डोकं दुखलं तर बाम दिला, पण तोही त्यांच्या हातात. त्या झोपलेल्या होत्या, तोंड किंचित उघडं, अगदी निर्धास्त. मला त्यांना हलवायचा संकोच वाटला. आणि कपाळाच्या मधोमध तो गोल डाग होताच, आयता. टिकली कपाळाच्या मध्यावर असते हे काय कोणी शिकवावं लागतं? लहानपणी बाहुलीचं तोंड काढायचो तेव्हासुद्धा आधी टिकली काढायची आणि मग तिच्या दोन बाजूंना भुवया. मी दोरा डागावर ठेवला, दोन्हीकडे सारखं अंतर मोजलं, तीनतीनदा मोजलं आणि कामाला लागले.

मोजमाप अगदी चोख होतं. ज्या खुणेवरून मोजलं ती खूणच तीन मिलिमीटर उजवीकडे होती.

काम झालं तेव्हाही ते दिसलं नाही, कारण डाग तिथेच होता आणि डागाच्या दोन्ही बाजूंना भुवया अगदी सारख्या होत्या. आरशात बघून सासूबाई खूश झाल्या. "झकास की गो," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. डाग सोडून चष्म्यावरून बघितलं तेव्हाच सगळी वाट लागलेली दिसली.

बुधवारी पार्लर उघडून मी आधी पडदा ओढला आणि मॅडमना फोन लावला. बाई कोण आहे ते सांगितलं नाही. 'एक क्लायंट' म्हटलं.

"दोरा नाकावरून धरला होतास ना?" त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"हो मॅडम."

"मग तीन मिलिमीटर सरकतील कशा?"

मग मी सांगितलं, टिकलीच्या डागावरून धरला. मग त्या म्हणाल्या, "अगं, टिकली बायका हाताच्या अंदाजाने लावतात. कोणाची मध्यावर असते? माझीपण नसेल." पुढे त्यांनी भराभर सांगितलं आणि मी बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. सहा आठवडे पात्याला हात लावायचा नाही. घाईघाईत दुरुस्त करायला जाशील तर कातडी फाटेल, रंग खोल जाईल आणि पुढे निळा पडेल, साठीच्या पुढची कातडी आधीच पातळ. खपल्या पडल्या की रंग निम्मा उतरेल. मग लांब गेलेल्या भुवईला पुढे दोन-तीन रेघा देऊन नाकाकडे आणायची. जवळ आलेलीच्या टोकाला रंग द्यायचाच नाही, ते आपोआप फिकं होऊ द्यायचं, नाहीच झालं तर मिठाच्या पाण्याने रंग काढतात तो उपाय, पण तोही नंतर. "आणि क्लायंटला आजच सांग," त्या म्हणाल्या. "उद्या सांगशील तर ती विचारेल, काल का नाही सांगितलंस."

मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही.

का नाही सांगितलं याची मी स्वतःला बरीच कारणं दिली. आधी भुवया बऱ्या होऊ देत. त्यांचं बीपी वाढेल. पण खरं कारण एकच, मी घाबरले होते. परकी बाई असती तर आली, ओरडली, गेली. ही चूक माझ्या घरात राहत होती. सकाळी तीच दूध तापवायची, दुपारी तीच माझ्यासमोर बसून तांदूळ निवडायची. जेवताना मी ताटाकडे बघून बोलायला लागले. नवऱ्याने विचारलं, "तुझं नि आईचं काही वाजलंय का?" मी त्याच्यावरच खेकसले, कारण मला त्याच्यावर खेकसायची सवय आहे आणि ती कोणाला संशयास्पद वाटत नाही.

त्यात सासूबाईंचे उद्योग. भुवयांना पाणी लावायचं नाही, नख लावायचं नाही, तेल चोपडायचं नाही, दिलेलं मलम तेवढं बोटाच्या टोकाने पुसटसं फिरवायचं, हे मी दहा वेळा सांगितलं होतं. चौथ्या दिवशी बघते तर दोन्ही भुवया खोबरेल तेलाने चपचपीत. "खाजता गो," त्या म्हणाल्या, "आणि खोबरेल काय विष आहे?" मी कापसाने ते तेल टिपत होते आणि मनात एक घाणेरडा विचार येऊन गेला. तेलाने रंग नीट बसलाच नाही तर बरंच होईल. सगळंच उडून जाईल, आणि मला म्हणता येईल, तुम्ही तेल लावलंत ना. मी कापूस फेकला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. स्वतःची इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं. "ही डावी जरा नाकाकडे इल्यासारखी वाटता की नाही?"

"सूज आहे आई. उतरेल."

दहाव्या दिवशी खपल्या पडल्या, सूज तर केव्हाच उतरली होती, आणि भुवया छान तपकिरी, मऊ दिसायला लागल्या. एकेक रेघ केसासारखी. माझ्या हातचं त्याहून चांगलं काम मी दुसरं केलेलं नाही. आणि ते सबंध काम जागा सोडून बसलं होतं. सासूबाई खाली पार्लरमध्ये आल्या, आरशासमोरच्या खुर्चीत बसल्या, चष्मा घातला, काढला, परत घातला. "सूज उतरली ना गो?" त्या म्हणाल्या. "तरी ही अशीच."

आता विचारणार, आता कळणार. आरशाखाली टिकल्यांचं पाकीट पडलं होतं. ते मी कधी उचललं, त्यातली एक मरून टिकली कधी सोडवली, हे मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या मागे उभी होते. हात पुढे नेला आणि टिकली त्या डागावर बरोब्बर बसवली.

"आता बघा," मी म्हटलं.

आता सगळं बरोबर दिसत होतं. टिकली असली की नजर आधी टिकलीवर जाते आणि बाकीचा चेहरा तिच्यावरूनच मापते. नाक, चष्मा कोणी बघत नाही. दोन्ही भुवया टिकलीपासून सारख्या अंतरावर, अगदी देवीच्या मुखवट्यासारख्या. मी सुटकेचा श्वास सोडला. सासूबाई मात्र भुवयांकडे बघतच नव्हत्या. त्यांचा हात टिकलीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्या काढणार असं मला वाटलं, आणि काढली तर मी मेले, म्हणून मी बोलत सुटले. आता कोण मानतं हे सगळं, आई. तुम्ही का असं ओकंबोकं राहायचं. बाबा असते तर त्यांनीच लावायला सांगितली असती.

बाबा असते तर. हे वाक्य मी वापरलं. माझे सासरे फार सरळ माणूस होते, त्यांनी आयुष्यात मला एकदाही उलट शब्द दिला नाही, आणि मी त्यांना माझ्या तीन मिलिमीटरवर पांघरूण म्हणून ओढलं.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात धरून दोन क्षण गालाला लावला, आणि मग तशाच, टिकली लावून वर गेल्या.

त्यानंतरचे दिवस त्या आधीच्या दिवसांपेक्षा वाईट होते. संध्याकाळी नवरा घरी आला, आईकडे बघितलं आणि बूट न काढताच उभा राहिला. नंतर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "तू लावलीस? मला तीन वर्षांत जमलं नाही यार." मी भाजी ढवळत राहिले. वसाहतीतल्या बायका खाली बाकावर बसतात, त्यांच्यातल्या एका काकूंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, सून असावी तर अशी. एकीने आम्हा दोघींना जवळ उभं करून फोटो काढला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. घरी येऊन मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. टिकली, भुवया ठीक. पण नाक? नाकावरून एक सरळ रेघ मनात ओढली की सगळं उघडं. साठ-सत्तर फोनांमध्ये ती चूक जाऊन बसली होती आणि खाली अंगठे आणि हात जोडलेले. जो तो माझ्या धाडसाबद्दल बोलत होता. आणि मला कुणी नुसतं "एक विचारू का" म्हटलं तरी मी विषय बदलायचे.

सगळ्यात वाईट झालं ते वाकोल्याला. तिथे सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई राहतात. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. सासूबाई टिकली लावूनच गेल्या, मी बरोबर. जाऊबाईंनी दारातच बघितलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "ह्या काय नवीन? माझ्या दिराक जाऊन वर्षां किती झाली, इसारलंस?" मला वाटलं सासूबाई आता रडतील, नाहीतर काढून टाकतील. माझ्या सासूबाई त्या घरात धाकट्या, मोठ्या जावेसमोर कधी तोंड वर केलेलं नाही. त्या दिवशी केलं. ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "तेंका जाऊन किती वर्षां झाली ता माका तुझ्यापेक्षा जास्त म्हायत आसा. टिकली माझ्या सुनेन लावल्यान. तेंकापण आवाडली असती." जाऊबाईंनी तोंड फिरवलं. आम्हाला प्रसाद मिळाला तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातून. परत येताना रिक्षात सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. "तुझ्यामुळे धीर आला," त्या म्हणाल्या. मी रिक्षाबाहेर बघत होते. वाटलं, इथेच उतरावं आणि कुठेतरी निघून जावं.

रात्रंदिवस एकच हिशोब डोक्यात. सहा आठवडे होत आले होते. टचअपचा, म्हणजे उतरलेला रंग पुन्हा भरायचा, दिवस जवळ येत होता. भुवया नीट करायच्या तर खऱ्या मध्यावरून करायच्या, आणि त्या तशा केल्या की टिकली बाजूला पडलेली दिसणार. नाही केल्या तर चूक आणखी वर्षभर पक्की. दुरुस्ती केली तरी पकडली जाणार होते, नाही केली तरी. असंही मनात आलं की टचअप नकोच म्हणावं, आई, छान बसलाय रंग, काही करायला नको. दोनदा तोंडाशी आलं. पण त्यांनी स्वतःच कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला होता.

त्या दिवशी मी त्यांना पलंगावर झोपवलं नाही. खुर्चीत सरळ बसवलं, आरशासमोर. त्यांची हनुवटी दोन बोटांत धरली आणि चेहरा समोर घेतला. रंगाचा दोरा ताणून नाकाच्या हाडावर धरला आणि कपाळापर्यंत नेऊन दाबला. चेहऱ्यावर एक सरळ काळी रेघ उमटली. ती टिकलीला लागलीच नाही. टिकलीच्या डाव्या कडेला जरासं अंतर सोडून वर गेली.

सासूबाई आरशात बघत होत्या. "ही रेघ टिकलीवर का नाय इली गो?"

मी दोरा खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं. तुम्ही झोपला होतात, मी उठवलं नाही. डाग मध्यावर आहे असं धरलं. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. सूज नव्हती.

त्या हसल्या. मला अपेक्षा नव्हती. "अगो, आमच्या चाळीतल्या खोलीत आरसो कपाटाच्या दारावर," त्या म्हणाल्या. "दार पुरता उघडायचाच नाय, मधे खाट. मान वाकडी करून टिकली लावायची. चाळीस वर्षां वाकडीच लावली असतलंय. आणि ह्यांनी एकदापण सांगूक नाय!" त्या हसत होत्या, आणि मला वाटलं, सुटले. इथेच थांबले असते तर चाललं असतं. त्यांनी पुढचं विचारलं नव्हतं. पण त्या हसताहसता थांबल्या आणि आरशातून माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मला कळलं की त्या दिवस मोजतायत.

"मग ही टिकली?"

मी म्हटलं, "भुवया वाकड्या दिसू नयेत म्हणून लावली, आई. तेवढ्यासाठीच."

पडद्याबाहेर रस्त्यावरून दिंडोशी कोर्टाकडे जाणाऱ्या रिक्षा हॉर्न वाजवत होत्या.

"मगे वाकोल्याक मी कोणासाठी भांडलंय?" त्या म्हणाल्या.

त्यांनी टिकली काढली आणि आरशाच्या कडेला चिकटवली. मी पात्याचं पाकीट फोडायला घेतलं, काहीतरी करायचं म्हणून, आणि ते मला फुटेना. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. "आज नको," त्या म्हणाल्या. "हात बघ तुझो." कपाळावरची रेघ रुमालाने पुसत त्या वर निघून गेल्या. अर्धी रेघ पुसली गेलीच नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, टिकली कुठे गेली आई, तर म्हणाल्या, पडली असेल. त्यांनी मला त्याच्यासमोर उघडं पाडलं नाही याने मला बरं वाटायला हवं होतं. पण मी आणखीच घाबरले. ओरडल्या असत्या, भांडी आपटली असती, तर मला कसं वागायचं ते कळलं असतं, भांडणाची मला सवय आहे. आता ती टिकली परत कधी त्या कपाळावर येणार नाही, आणि ती मी दिली तशीच मीच काढून घेतली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाथरूममधून बाहेर आल्या त्या टिकली लावून. मोठी, लाल. मी कप हातात घेऊन उभी होते. टिकली डागावर नव्हती. डाग बाजूला तसाच उघडा होता आणि टिकली नाकाच्या बरोब्बर रेषेत, खऱ्या मध्यावर बसवलेली. दोन भुवया तिच्या दोन बाजूंना कमी-जास्त अंतरावर, आंधळ्यालाही दिसेल इतक्या वाकड्या. इतके आठवडे मी जे झाकलं होतं ते सगळं त्या टिकलीने उघडं करून ठेवलं होतं.

"आई," मी म्हटलं, "तिथे लावलीत तर भुवया फारच..."

"दिसूंदे." त्यांनी चष्मा घातला. "भुवयो तुझ्यो. त्यो तू हात थरथरायचो थांबलो की नीट कर. टिकली माझी आसा."

त्यांनी खुंटीवरची भाजीची पिशवी काढली आणि जिना उतरल्या. खाली बाकावर बायका बसलेल्या असणार हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी धावत गॅलरीत गेले आणि ग्रिल धरून उभी राहिले. काकूंचा आवाज वरपर्यंत आला, "अगं बाई, भुवयांना काय झालं?"

"सुनेच्या हातून वाकड्या गेल्या," सासूबाई म्हणाल्या, "करील ती नीट." जी गोष्ट मला सहा आठवडे तोंडाबाहेर काढता आली नव्हती, ती त्यांनी पिशवी काखेत मारून, चालता चालता सांगितली, आणि त्या भाजीवाल्याकडे वळल्या.